ओटिलियाने पाहिलेले हात

ओटिलिया दहा वर्षांची असताना दोराखालून आत शिरली होती.

एप्रिलच्या शेवटच्या रविवारी अपेन्झेलच्या चौकात सभा भरते. चौकाभोवती जाड दोर ताणतात. त्या काळी दोराच्या आत कमरेला तलवार लटकवलेले पुरुष असायचे आणि बाहेर बाकीचं जग, म्हणजे बायका, पोरं, परगावचे पाहुणे आणि कुत्री. कॅन्टनचा, म्हणजे आमच्या प्रांताचा, कारभार तिथेच उघड्यावर ठरायचा. प्रमुख लाकडी मंचावरून विचारायचा, "कोण बाजूने?" की हात वर व्हायचे. "कोण विरुद्ध?" म्हटलं की उरलेले हात वर व्हायचे. चिठ्ठी नाही, पेटी नाही. ज्याचा हात त्याच्या खांद्याला, आणि सगळ्या गावाच्या डोळ्यांसमोर.

त्या दिवशी ओटिलियाला बापाशेजारी उभं राहायचं होतं. ती दोराखालून सरपटत गेली, काळ्या कोटांतून वाट काढत बापापर्यंत पोचली आणि त्याच्या कोटाची बाही धरून उभी राहिली. प्रमुखाने विचारलं तसा बापाने हात वर केला. हिनेही केला. आजूबाजूला खसखस पिकली. शिपायाने तिला मांजरीच्या पिलासारखं मानगुटीला धरून उचललं आणि दोराबाहेर नेऊन ठेवलं.

"याकोब, तुझ्या पिठात किडा निघाला रे!" कुणीतरी ओरडलं आणि अख्खा चौक हसला.

चौक हसला त्याचं तिला फारसं काही वाटलं नाही. पण बापही हसला, हे ती जन्मभर विसरली नाही.

याकोब डोरिगची बेकरी चौकाच्या कडेलाच होती. खाली दुकान आणि भट्टी, वर राहायचं घर. याकोबला मुलगा नव्हता, एकुलती एक ओटिलिया. पोरगी शाळेत असल्यापासून पीठ मळायची, आणि मळायची ती अशी, की बाप म्हणायचा, "हिच्या हाताखाली पीठसुद्धा उलट बोलत नाही." पुढे गोंटेनहून बाप्टिस्ट रेम्फ्लर नावाचा कारागीर कामाला आला. उंच, गोरा, कष्टाळू. माणूस लोण्यासारखा होता, म्हणजे मऊ, आणि लोण्यासारखाच ऊन लागलं की वितळणारा. ओटिलियाला तो आवडला. घरात एकाचा आवाज मोठा असला की पुरे, असं तिने मैत्रिणींना सांगितलं आणि लग्न केलं.

याकोब गेला तेव्हा बेकरी लेकीकडे आली आणि तलवार जावयाच्या कमरेला गेली. बाप्टिस्टच्या घरची तलवार त्याच्या थोरल्या भावाकडे होती, आणि तलवार हाच मताचा परवाना, तिच्याशिवाय पुरुष सभेला कसा जाणार? तेव्हा भट्टी तिची, घर तिचं, तलवार तिच्या बापाची. पण कायद्याने घराचा कारभारी नवरा. म्हणून दुकानाच्या पाटीवर नाव बाप्टिस्टचं आणि चौकात हातही बाप्टिस्टचा.

सभेचा दिवस बेकरीचा सगळ्यात मोठा दिवस. त्या दिवशी क्रेम्प्फली खायची रीत आहे. आत हेझलनटचं सारण भरून करंजीसारखी मुडपलेली, खुसखुशीत. सभा संपली की पुरुष क्रेम्प्फलीचे डबे घेऊन घरी जायचे आणि दिवसभर घरात राबलेल्या बायकोच्या हातात ठेवायचे. आम्ही राज्य केलं, तू गोड खा. ओटिलिया आठवडाभर आधीपासून सारण कुटायची. वर्षानुवर्षं तिने सगळ्या गावाच्या बायकांची समजूत काढणारा खाऊ आपल्या हातांनी भाजला.

एकोणीसशे एक्काहत्तर साली सबंध देशातल्या पुरुषांनी देशाच्या निवडणुकीत बायकांना मताचा हक्क दिला. ओटिलिया त्या वर्षी पहिल्यांदा मतदान करून आली आणि दुकानात सगळ्यांना सांगत सुटली. पण कॅन्टनचा कारभार वेगळा, तो चौकात ठरायचा आणि तिथे दोर तसाच होता. शेजारच्या खाटकाने, सेबेडोनी इनाउएनने, तिला समजावलं, "तुला कशाला पाहिजे चौक? बर्नचं सरकार तू निवडतेस ना? देश तुझा, गाव आमचं. तुझ्याच वाट्याला मोठा तुकडा आला की!"

"मग आपण बदलून घेऊ," ओटिलिया म्हणाली. "बर्न तू घे. माझ्या दारासमोरचं गटार कुठून न्यायचं ते मी ठरवते."

दोन वर्षांनी चौकात प्रश्न आला. पुरुषांनी नाही म्हटलं. नऊ वर्षांनी पुन्हा आला. पुन्हा नाही. दोन्ही वेळा बाप्टिस्ट घरी येऊन म्हणाला, "मी बाजूने होतो, पण एकट्याने काय होतंय?" दोन्ही वेळा ओटिलिया खाली दुकानात गिऱ्हाइकांच्या गर्दीत होती. तिने त्याच्या शब्दावर विश्वास ठेवला.

अठ्ठ्याऐंशी साली लग्नाचा नवा कायदा आला आणि नवऱ्याचं कारभारीपण संपलं. ओटिलियाने त्याच आठवड्यात रंगारी बोलावला आणि पाटीवर स्वतःचं नाव घालून घेतलं. सेबेडोनी रस्त्यात उभा राहून ते बघत होता.

"काय बाप्टिस्ट, पुसलं का तुला?"

बाप्टिस्ट हसला आणि मान खाली घालून आत गेला. त्याचं सगळं आयुष्य असं कुणाच्या तरी हसण्याला हसून उत्तर देण्यात गेलं होतं.

मग नव्वद साल उजाडलं. शेजारच्या कॅन्टनने आदल्याच वर्षी बायकांना आत घेतलं होतं. सबंध युरोपात आता आमचाच एक चौक उरला होता आणि परदेशी कॅमेरे दोराभोवती घिरट्या घालत होते. कॅन्टनच्या सरकारनेही या वेळी 'हो म्हणा' असंच सांगितलं होतं. ओटिलिया एकोणसाठची झाली होती. सेंट गालनला मास्तरीण असलेली तिची मुलगी लुझिया त्या दिवशी मुद्दाम घरी आली होती.

"आई, दुकान मी बघते. तू वर जा आणि खिडकीतून बघ. आज होईल."

बाप्टिस्टने तलवार लावली, टोपी घातली. दारात ओटिलियाने त्याच्या कोटावरचं पीठ झटकलं.

"हो म्हणशील ना?"

"हे काय विचारणं झालं?" तो म्हणाला. "दर वेळी म्हणतोच की."

ती वर गेली. खिडकीतून चौक तिच्या पोळपाटाएवढा जवळ दिसत होता. बाप्टिस्ट लिंबाच्या झाडाच्या बाजूला उभा होता. लिंब म्हणजे आपला कडू नव्हे, आमच्या चौकातलं जुनं लिंडनचं झाड. बाप्टिस्टच्या डाव्या हाताला सेबेडोनी, मागे सेबेडोनीच्या बैठकीतली सगळी मंडळी. कुणी बाजूने बोललं, कुणी विरोधात बोललं, आणि मग प्रमुखाने विचारलं, "कोण बाजूने?"

हात वर झाले. पुष्कळ झाले. पण बाप्टिस्टचे दोन्ही हात पोटाशी होते, टोपी घट्ट धरलेले.

ओटिलियाला वाटलं, त्याला ऐकू आलं नसेल. वय झालंय, गर्दी आहे.

"कोण विरुद्ध?"

रान उगवावं तसे हात उगवले. सेबेडोनीने हात वर केला आणि शेजारी वळून बघितलं. फक्त बघितलं, बोलला काही नाही. आणि बाप्टिस्टचा हात हळूहळू, जड पोतं उचलल्यासारखा वर गेला.

ओटिलिया खिडकीशी उभी राहिली. खालच्या चौकात कुणीतरी जल्लोष करत होतं, दोराबाहेर काही बायका शिट्ट्या वाजवत होत्या. तिला रडू आलं नाही. उलट एकेक गोष्ट लख्ख दिसू लागली. कुणाचा हात कुठे होता ते सगळं तिने बघितलं होतं. गावातली प्रत्येक बाही, प्रत्येक टक्कल तिला ओळखीचं होतं. पुरुषांनी हात दाखवून अवलक्षण करून घेतलं होतं आणि ती त्याची साक्षीदार होती.

ती खाली आली. दुकानात रांग लागायला सुरुवात झाली होती. तिने लुझियाला बाजूला केलं आणि स्वतः गल्ल्यामागे उभी राहिली.

रांगेत पहिला टपालवाला एमिल होता. "दोन डबे दे, ओटिलिया. एक बायकोला, एक सासूला."

"एमिल, हात कुठे होता तुझा?"

"कुठे म्हणजे? खांद्याला!" रांग हसली.

"पहिल्या वेळी वर गेला की दुसऱ्या वेळी?"

एमिलने मागे बघितलं, पुढे बघितलं. "अगं, पहिल्याच वेळी."

"पहिल्या वेळी तू नाक शिंकरत होतास. दुसऱ्या वेळी हात वर केलास तेव्हा रुमाल तसाच हातात होता. लांबून बगळा बसल्यासारखा दिसत होता." रांग पुन्हा हसली, पण आता जरा जपून. "तुला आज क्रेम्प्फली नाही. घरी जा आणि बायकोला सांग, का नाही ते. सासूलाही सांग."

"थट्टा करतेस का?"

"थट्टा तर तिकडे झाली, चौकात. पुढचा कोण?"

पुढच्याने खरं सांगितलं आणि रिकाम्या हाताने गेला. त्याच्या पुढचा खोटं बोलला आणि तोही रिकाम्या हाताने गेला. एक तरुण सुतार छाती पुढे काढून म्हणाला, "माझा पहिल्या वेळी होता, दोन्ही हात करणार होतो!" ओटिलिया म्हणाली, "पाहिला," आणि त्याला डबा दिला. आता रांग वाढत चालली होती, कारण घ्यायला आलेल्यांपेक्षा बघायला आलेले जास्त झाले होते.

सेबेडोनी रांग मोडून पुढे आला. "हे काय चाललंय? दुकान आहे की कोर्ट?"

"दुकान आहे. माझं. कुणाला विकायचं ते इथे मी ठरवते. चौकात तू ठरवतोस, इथे मी."

"उद्या मीही म्हणेन, ओटिलियाला मांस नाही!"

"म्हण. मी अंडी खाईन. पण बायकोला आज काय देणार आहेस ते बघ. तुझ्या कमरेची तलवार तिला चावता येणार नाही."

"तुझ्यासारखी बाई माझ्या घरात असती ना..."

"तर तुला रोज ताजा पाव मिळाला असता. सरक बाजूला, मागे म्हातारा उभा आहे."

म्हातारा म्हणजे डोंगरावरचा गवळी व्हेंडेलिन नेफ. वर्षातून दोनदा खाली यायचा आणि तेव्हाही फारसा बोलायचा नाही. गावात म्हणायचे, व्हेंडेलिनला विचारायचं तर त्याच्या गाईलाच विचारलेलं बरं. त्याने टोपी काढली.

"तू विचारशील म्हणून आधीच सांगतो. पहिल्या वेळी केला होता."

"पाहिला, व्हेंडेलिन. तुझ्या आसपास दुसरा एक हात नव्हता."

"आमची कारभारीण होती तोवर तिला विचारल्याशिवाय मी वासरू विकलं नाही," म्हातारा म्हणाला. "मग इथे येऊन कोणत्या तोंडाने नाही म्हणू?" आणि मग आपण फार बोललो असं वाटून त्याने टोपी परत घातली. ओटिलियाने त्याच्यासमोर डबा ठेवला. "मला कोण आहे न्यायला," तो म्हणाला. "तूच खा," ती म्हणाली. "आज तुझा मान आहे."

तेवढ्यात दारातली माणसं बाजूला झाली आणि बाप्टिस्ट आत आला. मागच्या दाराने यायचं सोडून तो पुढून आला, हे त्याच्या दृष्टीने फार मोठं धाडस होतं.

"ओटिलिया, वर चल. वर बोलू."

"चौकातला हात तू असा आडोशाला केलास का?"

"शंभर डोळे बघत होते गं."

"त्यातले दोन माझे होते."

बाप्टिस्टने मान खाली घातली. नेहमीसारखं हसायला गेला पण हसू काही आलं नाही.

"त्र्याहत्तर साली?" तिने विचारलं.

त्याने टोपी हातात फिरवली.

"ब्याऐंशी साली?"

"तेव्हाही हाच बाजूला होता," तो पुटपुटला आणि त्याने सेबेडोनीकडे बघितलं.

"तलवार काढ," ओटिलिया म्हणाली.

"इथे? लोकांसमोर?"

"इथेच, लोकांसमोर. माझ्या बापाची आहे. त्याला मुलगा नव्हता म्हणून तुला दिली, मुलगी होती हे कुणाच्या लक्षातच आलं नाही. काढ."

सेबेडोनी उसळला. "बाप्टिस्ट, काढशील तर खबरदार! मी म्हणत होतोच, आज यांना मत द्या, उद्या तलवारी मागतील!"

"हो रे बाबा," ओटिलिया म्हणाली, "आणि तू मत दिलं नाहीस तरी मागितली. मग अडवून काय मिळवलंस?"

बाप्टिस्टने पट्टा सोडला आणि तलवार गल्ल्यावर ठेवली. ओटिलियाने ती लांब पावासारखी काखेत मारली, आत गेली आणि भट्टीच्या खोलीत बापाच्या जुन्या खिळ्याला टांगली. त्या खिळ्यावरून ती परत कुणाच्याही कमरेला गेली नाही. मग उरलेल्या क्रेम्प्फलीचे सगळे ट्रे तिने आणि लुझियाने उचलले आणि बाहेर नेले. दोराबाहेर, गल्लीत, जिन्यांवर उभ्या असलेल्या बायकांना एकेक क्रेम्प्फली वाटून टाकली.

"यंदा नवऱ्याच्या हातून नको," ती म्हणत होती. "माझ्या हातून घ्या."

सगळ्यांनी घेतल्या असं नाही. काही बायका तोंड फिरवून गेल्या.

दुसऱ्या दिवशी दुकान उघडताच क्रेसेन्झ कोलर दारात हजर. सत्तरी ओलांडलेली, रोज सकाळी प्रार्थनेला जाणारी. बायकांनी चूल, मूल आणि चर्च सांभाळावं, हात वर करायला नवरे आहेतच, असं ती छातीठोकपणे सांगायची.

"माझ्या माणसाला तू रिकाम्या हाताने परत पाठवलंस?"

"पाठवला."

"लग्न झाल्यापासून कधी रिकाम्या हाताने आला नव्हता. मी विचारलं, का रे? तर सांगेना. शेवटी सांगितलं. मी त्याला आजवर कधी विचारलंच नव्हतं, तिथे जाऊन काय करतोस म्हणून."

"मग? वाईट वाटलं?"

"वाईट कशाला वाटेल? माझंही तेच मत आहे, बायकांना नकोच." क्रेसेन्झने हातातली पिशवी आपटली. "पण मला विचारायला काय झालं होतं मेल्याला? मी नाहीच म्हणाले असते! पण मी म्हणाले असते!"

ओटिलियाने राखून ठेवलेल्या चार क्रेम्प्फली आतून आणून कागदात बांधल्या. "घे. तुझ्याशी माझं भांडण नाही."

"माझं आहे," क्रेसेन्झ म्हणाली, पण पुडा घेतला.

पुढचे महिने सोपे गेले नाहीत. चौकातल्या मोठ्या हॉटेलाने पाव दुसरीकडून घ्यायला सुरुवात केली. एका सकाळी दुकानाच्या दाराला शेण फासलेलं होतं. ओटिलियाने ते धुतलं नाही. दुपारपर्यंत तसंच ठेवलं आणि येणाऱ्या प्रत्येकाला सांगितलं, "बघा, कुणीतरी आपली सही करून गेलंय." लुझियाला कळलं तसा तिने फोन केला. "आई, थोडे दिवस सेंट गालनला ये." पण ओटिलिया म्हणाली, "भट्टी का थंड करायची? त्यांना तेच हवंय."

बाप्टिस्ट आणि ती एकाच परातीत पीठ मळत होते आणि पिठापलीकडे बोलत नव्हते. "पाणी घाल." "पुरे." "फुगलं." एवढाच संसार.

उन्हाळ्याच्या तोंडावर लुझिया पुन्हा आली. गावातल्या काही बायका लोझानच्या सर्वोच्च न्यायालयात जाणार होत्या. त्यांचं म्हणणं एकच होतं, देशाच्या घटनेत स्त्री-पुरुष समान आहेत, मग आमच्या चौकात का नाहीत? सोबत काही पुरुषही सह्या करत होते. ओटिलियाने हात पुसले आणि सही केली. बाप्टिस्ट दारात उभा होता. त्याने घसा खाकरला.

"मीपण करू का?"

लुझियाने आनंदाने कागद पुढे केला. ओटिलियाने त्यावर हात ठेवला.

"नाही. सही चार भिंतींच्या आत होते, बाप्टिस्ट. घरात तू वीस वर्षं बाजूनेच आहेस. तुझं बिघडतं ते बाहेर."

"आई!" लुझिया म्हणाली.

"तू मध्ये पडू नकोस. त्याला कळतंय."

त्याला कळलं होतं. पण कळणं आणि वळणं यात बाप्टिस्टच्या बाबतीत नेहमीच मोठी दरी असायची. दोन रविवार गेले. तिसऱ्या रविवारी दुपारी सेबेडोनी दुकानात शिरला, लालबुंद होऊन. शेण प्रकरणानंतर तो पहिल्यांदाच येत होता.

"तुझ्या नवऱ्याला काय झालंय?"

"का? काय केलं?"

"काय केलं? भरल्या खानावळीत, आमच्या टेबलाशी, हातात बिअर घेऊन उभा राहिला. चांगला बसलेला माणूस उभा राहिला! आणि म्हणतो, ऐका, तिन्ही वेळा मी नाहीचा हात केला, आणि तिन्ही वेळा घरी खोटं बोललो. आणि का केला? तर म्हणे, सेबेडोनी बघत होता म्हणून! मी काय त्याचा हात धरून वर केला का?"

"तू काय म्हणालास?"

"मी म्हटलं, खाली बस. तर म्हणतो, नाही बसत."

"मग?"

"मग काय! बसलाच नाही. बिअर संपेपर्यंत उभाच."

सेबेडोनी गेल्यावर ओटिलिया आत गेली, आणि त्या रविवारी घरी आलेली लुझिया पुढे सांगायची की त्या दिवशी आई भट्टीच्या खोलीत बराच वेळ एकटी होती. बाप्टिस्ट घरी आला तेव्हा तिने फक्त एवढंच विचारलं, "बिअर थंड होती का?"

"मला चव लागली नाही," तो म्हणाला.

"बस. सूप गरम आहे."

आणि त्या दिवसापासून ते परत बोलू लागले. दुसऱ्या दिवशी सकाळी त्याने कागद मागितला. ओटिलियाने या वेळी हात मध्ये आणला नाही.

नोव्हेंबरच्या शेवटी निकाल आला. दुकानातल्या रेडिओवर सांगितलं तेव्हा ओटिलिया गिऱ्हाइकाला पाव बांधून देत होती. न्यायाधीशांनी एकमताने सांगितलं होतं, कॅन्टनच्या घटनेतल्या 'नागरिक' या शब्दात बायकाही येतात, आणि पुरुषांनी हो म्हणण्याची वाट बघायची गरज नाही. गिऱ्हाईक होती क्रेसेन्झ.

"म्हणजे आता मलाही जावं लागणार?" क्रेसेन्झने विचारलं.

"जावं लागणार नाही. जाता येणार."

"मग मी जाऊन नाही म्हणेन," क्रेसेन्झ म्हणाली. "सगळ्यालाच."

"ये तर खरी."

सेबेडोनी दारातून ओरडला, "हे काही आम्ही दिलेलं नाही, ओटिलिया! लोझानच्या लोकांनी दिलंय!"

"तुम्ही देणारे कोण होता?" ती तिथूनच ओरडली. "माझंच होतं. तुम्ही त्यावर बसला होतात."

पुढच्या एप्रिलमध्ये ती चौकात गेली. हवा गार होती, डोंगरावर अजून बर्फ होतं. तिने काळा कोट घातला, मतदार असल्याचं कार्ड हातात घेतलं. पुरुषांना तलवार दाखवली की पुरे, पण बाप्टिस्टच्या हातातही कार्डच होतं. "काय रे, बायकांच्या रांगेत?" कुणीतरी टोमणा मारला. "हो," बाप्टिस्ट म्हणाला, आणि हसला नाही. दोरापाशी पोचल्यावर ओटिलियाचे पाय क्षणभर थांबले. शिपाई तरुण होता. त्याने कार्ड बघितलं, मान लववली आणि म्हणाला, "या, आत या." दगडफेक होईल, शिव्या होतील, असं आदल्या दिवसापर्यंत लोक बोलत होते. तसं काही झालं नाही. पुरुष थोडे सरकले आणि बायका उभ्या राहिल्या, एवढंच. क्रेसेन्झ तिच्या पुढे उभी होती, डोक्याला रुमाल घट्ट बांधून.

पहिला विषय कंटाळवाणा होता, हिशेबाचा. ओटिलियाने हात वर केला. हात वर केल्यावर तिला कळलं की तो किती वेळ वर ठेवायचा हे आपल्याला ठाऊक नाही. सगळ्यांचे खाली गेले तरी तिचा वरच होता. बाप्टिस्टने हळूच कोपर लावलं. "झालं आता, खाली घे."

"माझा आहे," ती म्हणाली. "मला वाटेल तेव्हा घेईन."

तिसऱ्या विषयावर नवरा-बायकोचे हात वेगवेगळ्या वेळी वर गेले. घरी जाताना दोघांनी त्यावरून भांडण केलं, आणि त्या भांडणात पहिल्यांदाच बाप्टिस्टने माघार घेतली नाही. ओटिलियाला राग आला आणि बरंही वाटलं.

त्यानंतर तिने एकही सभा चुकवली नाही. बाप्टिस्ट गेला त्या वसंतातसुद्धा ती काळ्या कपड्यात जाऊन उभी राहिली. हॉटेलाने पाव परत घ्यायला सुरुवात केली, सेबेडोनीचा नातू सुट्टीत आलेल्या लुझियाच्या मुलीशी बेकरीच्या पायरीवर खेळू लागला, सेबेडोनी स्वतः मात्र तिच्याशी अखेरपर्यंत तिरकसच बोलला. तिला तेच आवडायचं. गोड बोलणाऱ्या सेबेडोनीवर तिने विश्वास ठेवला नसता.

तिने सत्तरी ओलांडल्यावर एका वर्षी सिटर नदीकाठच्या कुरणावर पर्यटकांच्या गाड्यांसाठी तळ करायचा विषय सभेसमोर आला. जवळपास सगळ्यांना तो हवा होता. दुकानदारांना तर फारच. ओटिलिया स्वतः दुकानदार, तिचाही त्यात फायदा होता. ती काठी टेकत मंचाच्या पायऱ्या चढली. सभेत बोलायला उठणं ही मोठी गोष्ट आहे. अख्खा चौक समोर, प्रत्येक चेहरा ओळखीचा. तिचा आवाज पहिल्या वाक्याला फाटला.

"जोरात बोल, ऐकू येत नाही!" मागून कुणीतरी ओरडलं.

"मग गप्प बस, म्हणजे येईल," ती म्हणाली आणि चौक हसला. या वेळी तीही हसली आणि मग बोलत राहिली. कुरणाबद्दल, पुराच्या पाण्याबद्दल, तिथे चरणाऱ्या गाईंबद्दल, गाड्या म्हणजे पाहुणे नव्हेत याबद्दल. फार लांबलं. शेवटी प्रमुखाला घसा खाकरावा लागला.

मत घेतलं. तिच्या बाजूने मूठभर हात वर झाले. क्रेसेन्झ तेव्हा हयात नव्हती, पण तिची सून होती, तिने हात वर केला. तळाच्या बाजूने मात्र सगळ्या चौकाचे हात वर गेले होते.

ती पायऱ्या उतरू लागली तेव्हा म्हातारा सेबेडोनी खाली काठी टेकून उभा होता. त्याचे डोळे चमकत होते.

"हरलीस, ओटिलिया."

"हरले," ती म्हणाली. "पण या खेपेला मला बाहेर काढायला एक शिपाई पुरला नाही. तुम्हा सगळ्यांना हात वर करावे लागले."

"पुढच्या वर्षीही बोलणार आहेस का?"

"विषय काय येतोय ते बघून."

"अरे देवा," सेबेडोनी म्हणाला आणि तिला पायरीवरून उतरायला त्याने हात पुढे केला. तिने तो घेतला नाही, कठडा धरून स्वतःच उतरली. मग दोघंही खानावळीच्या दिशेने निघाली, कारण सॉसेज गरम असतानाच खायला हवं होतं आणि गाड्यांच्या तळावरून अजून बरंच भांडायचं बाकी होतं.